मरुकांताराला मिळालेला वर

कोकणची भूमी परशुरामाने बाण सोडून समुद्रातून वर काढली, ही कथा आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक असते. उत्सवात कीर्तनकार ती रंगवून सांगतो आणि सभामंडपात बसलेले आपण, जणू त्या प्रसंगाचे साक्षी असल्याप्रमाणे, मान डोलावतो. दुसऱ्या एका रामाच्या बाणाची कथा मात्र त्या मानाने क्वचितच कानी पडते. वाल्मीकिरामायणाच्या युद्धकांडात ती आली आहे. लंकेच्या वाटेवर सागर मार्ग देईना, म्हणून रामचंद्रांनी धनुष्याला अमोघ बाण लावला. सागर शरण आला. परंतु लावलेला बाण भात्यात परत जाणे शक्य नव्हते. तेव्हा सागराने उत्तरेकडील द्रुमकुल्य नावाचा आपलाच एक भाग दाखवला. बाण तेथे पडला, पाणी आटले, आणि ती भूमी मरुकांतार म्हणून प्रसिद्ध झाली.

कथा येथे संपत नाही. निर्जल झालेल्या त्या भूमीकडे पाहून रामचंद्रांनी तिला वर दिला. ही भूमी गुराढोरांना मानवेल, येथे रोगराई थोडी राहील, फळामुळांना रस असेल, दुधातुपाची वाण पडणार नाही आणि सुगंधी औषधी येथे उगवतील, असा त्या वराचा आशय आहे. समुद्राची जमीन करणारे दोन बाण, दोन्ही रामांचे. एकाने आपले कोकण झाले, दुसऱ्याने मरुभूमी झाली. त्या दुसऱ्या भूमीचे आणि तिला मिळालेल्या वराचे पुढे काय झाले, हे डोळ्यांनी पाहावे, अशी इच्छा आम्हांस बरीच वर्षे होती. गेल्या पौषात ती पुरी झाली आणि आम्ही जैसलमेर येथील मरु राष्ट्रीय उद्यान पाहून आलो.

या भूमीवर एके काळी समुद्र होता, ही गोष्ट पुराणकाराची कल्पना नव्हे. जैसलमेरचा किल्ला रावळ जैसल याने ११५६ मध्ये वसवला. उन्हात सोन्यासारखा दिसणारा त्याचा पिवळा दगड प्राचीन समुद्राच्या तळाशी साचलेल्या गाळाचाच बनलेला आहे. शहरापासून बाडमेरच्या रस्त्याने सुमारे १७ किलोमीटर गेले की आकल नावाचे ठिकाण लागते. तेथे उघड्या माळावर दगड झालेले वृक्ष आडवे पडले आहेत. भूगर्भशास्त्रज्ञ त्यांचे वय सुमारे १८ कोटी वर्षे सांगतात. एका ओंडक्यावर हात ठेवला. साल, गाठी, लाकडाच्या रेघा, सर्व जागच्या जागी होते. परंतु हाताला लागला तो थंड पाषाण. ज्या देशात आज २०० मिलिमीटर पाऊसही धड पडत नाही, त्या देशात हे अरण्य उभे होते. भूमीचे भाग्य किती पालटू शकते, याचा एवढा मूक आणि एवढा निःसंदिग्ध पुरावा आम्ही कोणत्याही न्यायालयात पाहिलेला नाही.

वाळवंट म्हटले की वाळूच्या लाटा आणि उंटांची रांग एवढेच चित्र आपल्या मनात असते. सम आणि खुडी येथे ते दिसते. प्रवासी तेवढेच पाहून, सूर्यास्त होताच गाण्याबजावण्याच्या तंबूंकडे वळतात. परंतु जैसलमेर आणि बाडमेर या दोन जिल्ह्यांत मिळून पसरलेल्या ३१६२ चौरस किलोमीटरांच्या या उद्यानात वाळूच्या टेकड्यांनी व्यापलेला भाग थोडाच आहे. बाकी सर्व माळ. कोठे खडकाळ, कोठे रेताड आणि पुष्कळ ठिकाणी सेवण नावाच्या गवताने झाकलेला. हे गवत थोड्या पावसावर जगते, वाळू धरून ठेवते आणि गाईला मानवते. मधूनमधून खेजडी, म्हणजे आपली शमी, उभी असते. दसऱ्याला आपण जिची पूजा करतो ती येथे माणसांचे आणि जनावरांचे पोट भरते. तिच्या शेंगांची भाजी होते, पाला शेळ्या खातात. केर, बोर, जाळ, फोग आणि फुलल्यावर पेटल्यासारखा दिसणारा रोहिडा ही येथली इतर झाडे-झुडपे. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. आम्ही गेलो तेव्हा मात्र पहाटे अंगावर घोंगडी घेऊनही दात वाजत होते. दुपारी तीच घोंगडी डोक्यावर सावलीसाठी धरावी लागली.

रामचंद्रांनी दिलेला वर गुराढोरांसाठी होता, हे येथे आल्यावर विशेष कळते. ही शेतकऱ्याची नव्हे, गोपालाची भूमी आहे. जेथे शेती केली गेली तेथेही ती पाण्याशी करार केल्यासारखी केली गेली. पालीवाल ब्राह्मणांनी उताराच्या पायथ्याशी लांब मातीचे बांध घालून पावसाचे वाहते पाणी अडवण्याची जी पद्धत वाढवली, तिला खडीन म्हणतात. आसपासच्या खडकाळ माळावरचा पाऊस त्या एका तुकड्यात जमा होतो, जमिनीत जिरतो आणि त्या ओलीवर गहू-हरभरा पिकतो. वरून पाण्याचा थेंबही द्यावा लागत नाही. पालीवालांनी एकोणिसाव्या शतकात आपली गावे सोडली. कुलधरा येथे त्यांची छप्पर नसलेली घरे रांगेने उभी आहेत आणि त्यांविषयी भुताखेतांच्या कथा सांगून लोक पैसे मिळवतात. त्यांनी रूढ केलेली खडिनाची पद्धत मात्र या मुलखात आजही धान्य देते. भुतांपेक्षा आम्हांस त्या बांधांचेच नवल अधिक वाटले.

आता या उद्यानाच्या जन्माकडे वळू. हे उद्यान ज्याच्यासाठी झाले तो प्राणी म्हणजे एक पक्षी आहे. राजस्थानात त्यास गोडावण म्हणतात, आपण माळढोक म्हणतो. त्याच्या घुमणाऱ्या आवाजावरून त्याला हूम असेही नाव आपल्याकडे आहे. उंची सुमारे एक मीटर, नराचे वजन १५ किलोपर्यंत. उडू शकणाऱ्या पक्ष्यांत एवढे भारी थोडेच. मादी बहुधा एकच अंडे घालते आणि तेही उघड्या जमिनीवर. पंजाबपासून दक्षिणेतील माळरानांपर्यंत हा पक्षी एके काळी हिंडत असे. राष्ट्रीय पक्षी कोणता असावा, याचा विचार चालला असता पक्षितज्ज्ञ सालिम अली यांनी माळढोकाचे नाव सुचवले होते. १९६३ मध्ये मान मोराला मिळाला. मोर सुंदर आहे, देवसेनापतीचे वाहन आहे. त्याच्याविषयी आमची तक्रार नाही. परंतु ज्याला मान मिळाला तो अंगणात नाचतो आहे आणि ज्याचा मान हुकला त्याची रानातील संख्या दीडशेच्या आसपास येऊन ठेपली आहे.

१९७८-७९ च्या हिवाळ्यात अरबस्तानातील एक राजपुत्र लवाजम्यासह आणि शिकारी ससाणे घेऊन जैसलमेरच्या माळावर उतरला. त्याला प्रामुख्याने हवा होता तिलोर, हा गोडावणाचाच नातलग. राजस्थानातील लोक संतापले. सभा झाल्या, मोर्चे निघाले आणि शिकार थांबवावी लागली. या लोकक्षोभातून माळावरील पक्ष्यांचा प्रश्न सरकारदरबारी पोचला. १९८० मध्ये, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली, हा प्रदेश संरक्षित झाला. १९८१ मध्ये गोडावण राजस्थानचा राज्यपक्षी झाला.

येथे आमच्यातील वकील जागा होतो. या प्रदेशाला सर्वत्र 'राष्ट्रीय उद्यान' म्हणतात, फलकांवर तेच नाव आहे. तथापि कायद्याच्या दृष्टीने तो अभयारण्य आहे. राष्ट्रीय उद्यान करण्याचा संकल्प जाहीर झाला, पण अंतिम अधिसूचना निघाली नाही. हा भेद केवळ शब्दांचा नाही. अभयारण्यात तेथील रहिवाशांचे काही हक्क चालू राहू शकतात. राष्ट्रीय उद्यानात गुरे चारण्यास कायद्याने सक्त मनाई आहे. या हद्दीत सत्तरच्या आसपास गावे आहेत आणि ती सर्व गुरांवर जगतात. अंतिम अधिसूचना काढायची तर त्या सर्वांचे हक्क ठरवून, मोबदला देऊन, त्यांना उठवावे लागेल. ते झाले नाही. आणि ज्या भूमीला गुरांसाठीच वर मिळाला तेथून गुरे हाकलली गेली नाहीत, हे आमच्या मते बरेच झाले.

परंतु त्या गावकऱ्यांची व्यथाही ऐकली पाहिजे. सुदासरी येथे कुंपणाने राखलेला एक भाग आहे; तेथे जाण्याच्या वाटेवर एक वृद्ध शेळ्या घेऊन उभे होते. आम्ही रामराम केला आणि गोडावण कोठे दिसेल असे विचारले. त्यांनी काठीने पूर्वेकडे दाखवले आणि मग, आम्ही न विचारताच, म्हणाले, "साहेब, आमच्या गावाला सडक मागितली तर म्हणतात, पक्षी आहे, विजेची तार मागितली तर म्हणतात, पक्षी आहे. आणि त्या बाजूला पाहा, परमुलखाला वीज नेणाऱ्या तारा आभाळभर आहेत. त्यांना पक्षी आडवा येत नाही का?" आम्ही पाहिले. क्षितिजावर खांबांच्या आणि पवनचक्क्यांच्या रांगा होत्या. आमच्याजवळ उत्तर नव्हते.

कायद्याने रेघ ओढली म्हणजे पक्षी वाचतो, हा समज किती फोल आहे याचा दाखला आमच्या ग्वाल्हेरच्या वाचकांना दूर शोधावा लागणार नाही. जुन्या ग्वाल्हेर संस्थानातील शिवपुरी जिल्ह्यात करैरा येथे १९८१ मध्ये माळढोकासाठीच अभयारण्य झाले. हद्दीतील जमिनी खासगी मालकीच्या. त्यांच्या खरेदी-विक्रीला बंदी आली आणि शेतकऱ्याच्या मनात पक्ष्याविषयी वैर उत्पन्न झाले. १९९० च्या दशकात तेथून माळढोक नाहीसा झाला. पक्षी गेला तरी निर्बंध उरले, आणि अखेर २०२२ मध्ये ते अभयारण्यच रद्द करण्यात आले. सोलापूर आणि अहमदनगर जिल्ह्यांत १९७९ मध्ये ८४९६ चौरस किलोमीटरांचे अभयारण्य कागदावर आखले गेले. त्यात गावेच नव्हे तर शहरेही आली. तीन दशकांनी ते १२२२ चौरस किलोमीटरांपर्यंत आकुंचित करावे लागले, आणि नान्नजच्या माळावर माळढोक दिसणे आज अपूर्वाई झाली आहे. लोकांच्या मनात जागा न करता केलेला कायदा हा पायाशिवाय बांधलेल्या देवळासारखा असतो. कळस चढेपर्यंतही तो टिकत नाही.

मग या मुलखात माणसाच्या मनात जागा कोणी केली होती? त्याचे उत्तर एका शब्दात आहे: ओरण. हा शब्द अरण्य या संस्कृत शब्दापासून आला, असे मानतात. गावाने एखाद्या देवतेच्या नावाने माळ, झाडी, तळे आणि पाणी वाहून येणारा उतार सोडून द्यायचा; तेथे गुरे चरतील, पण कुऱ्हाड चालणार नाही आणि नांगरही लागणार नाही. जैसलमेरच्या भाटी राजवंशाची कुलदेवी आवड माता ही मामडिया चारणाच्या सात कन्यांपैकी एक, असे तेथील लोक सांगतात. त्या सात बहिणींची ठाणी या वाळवंटात विखुरलेली आहेत. हे ऐकताच आम्हांस गोव्यातील सात बहिणी आठवल्या: शिरगावची लईराई, मुळगावची केळबाई, मोरजीची मोरजाई, मयेची महामाया. दोन मुलूख, एक पाण्याने भरलेला आणि दुसरा पाण्यासाठी तळमळणारा. पण दोन्हीकडे भूमी बहिणींनी वाटून घेतली आणि दोन्हीकडे त्यांच्या नावाने रान राखले गेले. उद्यानातील कुंपणाने राखलेल्या एका भागाचे नावही गजईमाता असेच आहे. वनखात्याच्या तारेच्या आधी तेथे देवीचे नाव होते.

या श्रद्धेची किंमत मारवाडाने एकदा प्राणांनी मोजली आहे. १७३० मध्ये जोधपूरच्या महाराजा अभयसिंहाच्या माणसांनी चुना भाजण्यासाठी खेजडली गावची शमीची झाडे तोडण्यास आरंभ केला. अमृतादेवी ही बिश्नोई स्त्री झाडाला मिठी मारून उभी राहिली आणि मारली गेली. तिच्यामागून एकेक करीत, तिच्यासह एकूण ३६३ माणसे मेली. त्या वेळी वन्यजीवांचा कायदा नव्हता, उद्यान नव्हते. होती ती केवळ जांभोजींनी १४८५ मध्ये घालून दिलेल्या २९ नियमांची आण.

जैसलमेरच्या आग्नेयेस देगराय मातेचे विस्तीर्ण ओरण आहे. ते उद्यानाच्या हद्दीबाहेर आहे, तरी गोडावण तेथे येतो. पक्ष्याला हद्द कळत नाही, श्रद्धा मात्र कळत असावी. परंतु या ओरणावरूनही उच्च दाबाच्या तारा गेल्या. गोडावणाची दृष्टी बाजूंना दूरवर पोचते, समोरचे मात्र त्याला नीट दिसत नाही. आणि भारी देहामुळे ऐन वेळी वळणे त्याला साधत नाही. २०२० च्या सप्टेंबरात देगरायच्या ओरणात तारेला आपटून एक गोडावण मेला. ज्या भूमीत कोणी काटकी मोडत नाही, त्या भूमीत राज्यपक्षी मेला आणि कोणाचाही हात त्याला लागलेला नव्हता.

असे कसे झाले? कारण वकिलाला चटकन कळण्यासारखे आहे. पुष्कळ ओरणे महसुली दप्तरात ओरण म्हणून लिहिलेलीच नाहीत. त्यांची नोंद सरकारी पडीक जमीन अशी आहे. गावाला वाटे, देवीची भूमी, तिला कागद कशाला? आणि सरकारला वाटे, ज्या भूमीला कागद नाही ती आपली. सूर्यापासून वीज करण्याचे कारखाने आले तेव्हा ही 'पडीक' जमीन त्यांना देण्यात आली. आपल्या न्यायशास्त्रात देवता ही स्वतंत्र व्यक्ती आहे. ती मालमत्ता धारण करू शकते, दावा लावू शकते. मात्र ती नित्य अज्ञान, म्हणजे कधीच वयात न येणारी, मानली जाते. अज्ञानाच्या मालमत्तेचे रक्षण पालकाने करायचे असते. देवीचे पालक कोण? आपण. आणि पालकाने दप्तर पाहिलेच नाही, तर दोष सरकारचा जेवढा तेवढाच आपलाही.

प्रकरण अखेर सर्वोच्च न्यायालयात गेले. १९७२ चा कायदा तयार करण्यात ज्यांचा मोठा वाटा होता त्या रणजितसिंह यांनाच २०१९ मध्ये पक्ष्यासाठी याचिका करावी लागली. १९ एप्रिल २०२१ रोजी न्यायालयाने गोडावणाच्या सुमारे ९९ हजार चौरस किलोमीटर क्षेत्रात तारा जमिनीखालून नेण्याचा आणि जेथे ते शक्य नाही तेथे पक्ष्यांना तारा दिसाव्यात अशी साधने बसवण्याचा आदेश दिला. २१ मार्च २०२४ रोजी तो आदेश बदलला: एवढ्या विस्तीर्ण क्षेत्रात हे शक्य नाही आणि सूर्यशक्तीची देशाला गरज आहे, असे सांगून काय करावे हे ठरवण्यासाठी तज्ज्ञांची समिती नेमली. ही गरज खोटी नाही, हे आम्ही मान्य करतो. कोळशाच्या धुराने तापलेली पृथ्वी गोडावणाचेही कल्याण करणार नाही. दोन्ही पारड्यांत सत्य असले म्हणजे न्यायाधीशाचे काम अवघड होते. त्याच वर्षी, १८ डिसेंबर २०२४ रोजी, न्यायालयाने दुसऱ्या एका प्रकरणात राजस्थानातील ओरणांची पाहणी करून त्यांना वन म्हणून अधिसूचित करण्याचा आदेश राज्याला दिला. गावाने देवाच्या नावाने जे राखले त्याला कायद्याने आपले नाव द्यावे, एवढाच त्याचा अर्थ. काही शतके उशिरा का होईना, श्रद्धा आणि कागद यांची गाठ पडली.

इकडे सम येथे आणि रामदेवऱ्याच्या परिसरात गोडावणांची पैदास करण्याची केंद्रे चालू आहेत. २०१९ पासून रानातील अंडी काळजीपूर्वक उचलून तेथे उबवली गेली; तेथे वाढणाऱ्या पक्ष्यांची संख्या साठाच्या पुढे गेली. हे शास्त्रज्ञांचे मोठे यश आहे. पण ही पिले उद्या सोडायची ती कोठे? जेथे आभाळ मोकळे आणि माळ शाबूत असेल तेथेच ना?

शेळ्यांच्या मालकाने दाखवलेल्या दिशेला आम्ही दीड तास बसलो. मग सेवणाच्या गवतातून एक मान वर आली. फिकट मान, माथ्यावर काळी टोपी, तपकिरी अंग. चार पावले चालून तो पक्षी थांबला, एकवार इकडेतिकडे पाहिले आणि गवतात नाहीसा झाला. अर्धा मिनिटही झाले नसेल. देवळाचा पडदा सरकून पुन्हा मिटावा आणि तेवढ्यात मूर्ती दिसावी, तसे ते दर्शन होते.

परतीच्या गाडीत आमच्या मनात आपल्याकडील देवराया होत्या. सत्तरीतील बांबर येथील निरंकाराची राय आम्ही पाहिली आहे. पाण्यात मुळे रोवून उभे असलेले ते वृक्ष देवाच्या धाकाने राहिले. देवाचा कौल घेतल्याशिवाय जेथे फांदी तोडली जात नसे अशा राया कोकणात, गोव्यात आणि बेळगावच्या घाटात अजून आहेत. त्यांचे कागद काय म्हणतात? गोव्यात एक-चौदाच्या उताऱ्यावर, महाराष्ट्रात सातबाऱ्यावर, माळव्यात खसऱ्यावर देवाचे नाव आहे, की दुसऱ्याच कोणाचे? देवळाच्या जीर्णोद्धाराची वर्गणी आपण उत्साहाने गोळा करतो. कळसाला सोने चढवतो. त्याच सभेत एकदा देवाच्या रानाचा उतारा काढून वाचला, हद्दीचे दगड जाऊन मोजले, तर तीही पूजाच होईल. प्रत्येक महाजनाने आणि प्रत्येक देवस्थान समितीने पुढल्या उत्सवापूर्वी एवढे करावे, अशी आमची हात जोडून विनंती आहे.

रामचंद्रांनी मरुकांताराला वर दिला तो बाण सोडल्यानंतर. शस्त्र चालवावे लागले, तरी ज्या भूमीवर ते पडले तिची चिंता त्यांनी वाहिली. आपल्या काळाचे बाण तारांचे आणि यंत्रांचे आहेत; तेही कदाचित सोडावे लागतील. परंतु ते जेथे पडतात त्या भूमीला वर देण्याची आठवण आपणांस राहील काय, हा प्रश्न त्या वाळवंटातून आम्ही बरोबर आणला आहे.